प्रवासातला फोटो मागावर चढवण्याआधी

फोटोवरून टॅपेस्ट्री, म्हणजे धाग्यांचं चित्र, विणायची तर आधी ताण्याचा, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांचा, हिशेब करा, रंगांचं नंतर बघू. सेंटिमीटरला 3 धागे धरले तर 45 सेंटिमीटर रुंदीत 135 धागे बसतात, आणि सगळं चित्र एवढ्यातच मावायला हवं. आकार ओळखू यायचा तर निदान 3 धागे, म्हणजे 1 सेंटिमीटर जागा लागते. तळ्यातली लांबची नाव 4 मिलिमीटरची येत असेल तर विणल्यावर तिचा नुसता ठिपका होतो. ती मोठी करा, नाहीतर सरळ गाळा. सेंटिमीटरला 5 धागे घेता येतात, पण मग बाणा, म्हणजे आडवा भरायचा धागा, तोही बारीक लागतो आणि वेळ दुपटीहून जास्त जातो.

आता फोटोची कृष्णधवल प्रत काढा आणि डोळे किलकिले करून पाहा. रंगीत फोटोत आकाश निळं आणि डोंगर हिरवा छान वेगळे दिसतात, पण दोघांची गडदता सारखी असेल तर विणलेल्या कापडात डोंगराची कडा हरवते. गडद-फिक्या 5 छटा ठरवा आणि बटर पेपरवर त्यांच्या सीमा हाताने गिरवा. फोनमधला फिल्टर हे क्षणात करून देतो, तरी हातानेच करावं. फिल्टरला ढगाची सावली आणि डोंगराची कडा सारख्याच मोलाच्या वाटतात.

सगळ्यात महत्त्वाचा निर्णय म्हणजे चित्र सरळ विणायचं की आडवं. दोन रंग उभ्या रेषेवर भेटले की प्रत्येक रंग आपल्याच धाग्यावरून मागे वळतो आणि मध्ये फट पडते. झाडांचे बुंधे, खांब, मनोरे असलेला फोटो सरळ विणला तर फटीच फटी होतात. तोच 90 अंशांनी फिरवला की ते बुंधे आडवे पट्टे होतात आणि सहज विणले जातात. युरोपातल्या जुन्या टॅपेस्ट्री बहुतेक अशाच आडव्या विणलेल्या आहेत. मात्र मग क्षितिजाची रेषा उभी होते आणि तिथे फट येते. कापड टांगल्यावर ती वजनाने उघडते, म्हणून विणतानाच शिवून घ्या.

आकाशासाठी गडद आणि फिका असे दोनच निळे धागे पुरतात. बाण्यात तीन पदर एकत्र घ्या: तीनही गडद, दोन गडद एक फिका, एक गडद दोन फिके, तीनही फिके. चार पायऱ्या मिळतात आणि दुरून त्या एकमेकींत विरघळतात.

लोकर मागवण्याआधी 10 बाय 10 सेंटिमीटरचा नमुना विणून त्याचं वजन करा. समजा 14 ग्रॅम भरला, तर 45 बाय 60 च्या कामात असे 27 चौकोन, म्हणजे 378 ग्रॅम. वर 20 टक्के धरा. एकाच रंगाची लोकर एकदमच घ्या, पुढच्या रंगाईत छटा हमखास बदलते. नमुन्याच्या कडा आत ओढल्या जात असतील तर बाणा ताणून भरला जातोय. तो कमानीसारखा सैल टाकून मग फणीने ठोका.

शेवटी बटर पेपरवर गिरवलेला आराखडा ताण्यामागे बांधून प्रत्येक धाग्यावर न पसरणाऱ्या शाईने खूण करा. खूण धाग्याच्या चारही बाजूंनी हवी, कारण धागा फिरला की एका बाजूची खूण दिसेनाशी होते. मागच्या बाजूने विणणार असाल तर आराखडा आधी उलटा करा.