भाव काय चाललाय?

नाशिकमध्ये कोणी गाव विचारले आणि मी पेठच्या पुढच्या आमच्या पाड्याचे नाव सांगितले, की समोरच्याच्या चेहऱ्यावर आधी डोंगर उमटतात आणि लगोलग एकर. मग तो प्रश्न येतोच, "तिकडे भाव काय चाललाय?" परवा दुपारी जेवणाच्या सुट्टीत माझे एक सहकारी डबा बाजूला सारून मोबाईलवर उपग्रहाचा नकाशा उघडून बसले. सावळघाटाच्या वळणांवरून बोट सरकवत ते पश्चिमेकडच्या गर्द हिरव्या भागात आले आणि म्हणाले, "हे तुमचंच का?" निवृत्तीनंतर त्यांना दोन खोल्या, पुढे ओटा, समोर दरी आणि मागे जंगल हवे होते. मागणीत गैर काहीच नव्हते. मलाही तेच हवे आहे. "आमच्या जमिनीला भाव नाही," असे मी त्यांना सांगितले, तर हा माणूस आकडा लपवतो आहे, असे त्यांना वाटले. उरलेला वेळ त्यांनी मला लोणचेसुद्धा विचारले नाही.

भाव नाही, हे मी शब्दशः म्हटले होते. ओहळाच्या काठाची आमची भाताची खाचरे सातबाऱ्यावर आहेत, पण ती आदिवासी खातेदाराची जमीन आहे आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६-अ प्रमाणे ती जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय बिगर-आदिवासी माणसाला घेता येत नाही. त्यांनी बोट ठेवले होते तो वरचा उताराचा तुकडा तर वनपट्ट्याचा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेला जंगलजमीन कसण्याचा हा हक्क वारसाने पुढे जातो, मात्र तो विकता येत नाही आणि दुसऱ्या कोणाच्या नावे करूनही देता येत नाही. ज्या वस्तूचे गिऱ्हाईकच होऊ शकत नाही तिला भाव कुठून येणार? पण नाशिकला राहून राहून मलाही आता अशी सवय लागली आहे, की ज्याला भाव नाही ते आपले कसे, अशी शंका मधूनच मला चाटून जाते आणि मग मी दिवसभर स्वतःवरच चिडलेला असतो.

त्या तुकड्याला आम्ही लहानपणापासून नुसते 'प्लॉट' म्हणत आलो. वडिलांच्या तोंडी तोच शब्द होता आणि त्या प्लॉटमध्ये नागली, वरई, थोडी खुरासणी आणि कडेने उडीद असे. कागदावर मात्र ते सरकारी जंगलातले अतिक्रमण होते. पहिला पाऊस पडून जमीन मऊ झाली, की आमच्यापैकी एका पोराची नेमणूक टेकाडावरच्या ऐनाच्या झाडावर होई. पायवाटेने खाकी कपडे दिसले, की त्याने शीळ घालायची. शीळ आली, की वडील बैल सोडून चरत असल्यासारखे हाकलून देत, नांगर करवंदीच्या जाळीत ढकलत आणि आई डोक्यावर मोळी घेऊन अगदी सावकाश, कोणालाही न भेटता निघालेल्या बाईसारखी उताराला लागे. हा सगळा खेळ आम्हा मुलांना फार आवडे. शीळ उशिरा घातल्याबद्दल माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, एकदा जो मार खाल्ला त्यावरून हा खेळ नसावा, असा मला पहिला संशय आला.

दर खेपेला लपणे जमत नसे. मग वनखात्याचे गार्डसाहेब ओट्यावर बसत, चहा घेत, पावतीपुस्तक काढून मध्ये कार्बन सरकवत आणि दंडाची पावती फाडत. वडिलांना अक्षरओळख नव्हती, तरी ते ती पावती उलटसुलट करून बघत आणि आईकडे देत. आई ती पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाच्या खाली, खताच्या पिशवीच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवी. पैसे भरल्याचा कागद टाकून द्यायचा नसतो, एवढेच तिचे म्हणणे होते. एका उन्हाळ्यात कौले चाळताना पेटी अंगणात आली, तेव्हा ते फिकट निळे कागद चुलीत घालावेत असे दादाने सुचवले होते. आईने त्याच्याकडे असे पाहिले, की तो विषय पुन्हा निघाला नाही.

कायदा २००६ च्या डिसेंबरात झाला आणि १ जानेवारी २००८ ला त्याचे नियम आले. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आपण ती जमीन कसत होतो, हे दाखवायचे होते. पाड्यावर एकच धांदल उडाली, कारण जे आयुष्यभर लपवले तेच आता पुराव्यानिशी सिद्ध करायचे होते. आम्ही कधीच त्या जमिनीवर नव्हतो, असे जन्मभर सांगितलेल्या वडिलांना आता आम्ही कायम तिथेच होतो, असे ग्रामसभेसमोर सांगायचे होते, आणि ते सांगताना त्यांची जीभ अडखळत होती. तेव्हा आईने पेटी उघडली. कोणत्या साली, कोणत्या जंगलात, कोणत्या इसमाने अतिक्रमण करून नांगरट केली, हे सरकारच्याच माणसाच्या सहीने त्या पावत्यांवर लिहिलेले होते. वडिलांचे नाव त्यांत चार तऱ्हांनी चुकवलेले होते आणि आडनाव एकीवर शेजाऱ्याचे पडले होते. तरी यापेक्षा चांगला साक्षीदार आम्हाला मिळाला नसता.

कागदाच्या जोडीला म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतो. खालच्या पाड्यावरचे एक आजोबा त्यासाठी काठी टेकत वर आले. वनहक्क समितीची माणसे कागद घेऊन मागे आणि ते पुढे, अशी ती वरात प्लॉटच्या कडेने फिरली. या खडकापासून त्या ऐनापर्यंत, तिथून ओहळात उतरलेल्या बांधापर्यंत, बांध धरून पुन्हा वर. मध्येच थांबून ते अमुक साली इथे बैल पडला होता, तमुक साली इथे नागली डोक्याएवढी झाली होती, असे सांगत, आणि लिहून घेणारा पोरगा बैलाचे लिहू की नको, या विचाराने समितीच्या अध्यक्षांकडे बघे. पुढे मोजणीला यंत्र आले. कायद्याने ४ हेक्टरपर्यंत हक्क मिळू शकतो, पण आमची मागणी त्याच्या आसपासही नव्हती, आणि मंजूर झाले ते मागितल्याच्या निम्म्याहून थोडे जास्त. ज्या खडकावर बसून आम्ही भाकरी खात असू तो बाहेर राहिला. दादा अजूनही तिथेच बसून भाकरी खातो.

पट्ट्याच्या कागदावर वडिलांच्या जोडीने आईचेही नाव आहे, कारण नवरा-बायको दोघांच्या नावे हक्क देण्याचे त्या कायद्यातच लिहिलेले आहे. जिच्या पेटीने दावा उभा केला तिचे नाव कागदावर यावे, याचे मला मोठे अप्रूप वाटले होते. आईला वाटले नाही. आपला अंगठा नीट उमटलेला नाही, एवढीच तिची तक्रार होती.

सहकाऱ्यांच्या नकाशात हे काही दिसत नाही, त्याला त्यांचा इलाज नाही. प्लॉटमधून विहिरीकडे जाणारी पायवाट आहे आणि ती सगळ्या पाड्याची आहे. पीक निघाले, की कोणाचीही गुरे त्यात चरतात. वरच्या कडेला मोहाचे एक जुने झाड आहे. चैत्रात पहाटे त्याची फुले एक आजी वेचून नेते, आधी तिची सासू वेचत असे, आणि झाड कोणाच्या हद्दीत येते, हा प्रश्न आमच्याकडे अद्याप कोणी काढलेला नाही. फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात आणि तो जाळ आवरला नाही, तर डोंगर पेटतो. वणवा लागला, की ओल्या फांद्या घेऊन सगळ्यांनीच धावायचे, मग आग कोणाच्या हद्दीत का असेना. दरी समोर असलेल्या दोन खोल्यांचे चित्र रंगवताना ही फांदी हातात घेतलेला माणूस कोणी रंगवत नाही. पाण्याचेही तेच. आषाढात चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, ओलीने भिंतीला बुरशी धरते, आणि ते सारे पाणी उतारावरून दमणगंगेकडे निघून जाते, ते इतके साफ, की फाल्गुन संपता संपता बायका कोरड्या ओहळात झिरे उकरायला बसतात. पेठ-सुरगाण्याला पाऊस धो-धो आणि उन्हाळ्यात टँकर, हे नाशिककर वर्तमानपत्रात दरवर्षी वाचतात आणि दरवर्षी नव्याने आश्चर्य करतात.

मार्च २०१८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेला, त्यात आमच्या पाड्यावरची माणसे होती. दहावीच्या मुलांचा परीक्षेला जाण्याचा रस्ता अडू नये म्हणून शेवटचा टप्पा रात्रीच चालून काढला, याचे मुंबईत फार कौतुक झाले. मागणी मात्र कौतुकाची नव्हती, ती कागदाची होती. वनपट्ट्याच्या सातबाऱ्यावर आमच्यासारख्यांचे नाव 'इतर हक्क' या रकान्यात येते. ते कब्जेदाराच्या, म्हणजे जमीनधारकाच्या, जागी यावे, असे लोक मागत होते, आणि २०२३ च्या मोर्चातही पुन्हा तेच मागत होते. एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात जाण्यासाठी माणसे पायांना फोड येईपर्यंत चालली, हे शहरातल्या माणसाला नीट समजावून सांगणे मला आजवर जमलेले नाही. ज्याने पीककर्जासाठी सोसायटीचा उंबरठा झिजवला आहे त्याला ते सांगावे लागत नाही.

नाशिकला पेठ रोडला माझा फ्लॅट आहे. त्याला भाव आहे आणि तो वाढतही असतो; शेजारी दर दिवाळीला तो मला सांगतात. त्या फ्लॅटचे मूळ खरेदीखत बँकेत आहे आणि माझ्या निवृत्तीपर्यंत ते तिथेच राहणार आहे. तरीही घरमालक कोण, असे विचारले, तर सोसायटीचा रखवालदार बिनदिक्कत माझे नाव सांगतो. सोसायटीच्या फाटकापासून थोड्याच अंतरावर पेठ फाटा आहे आणि आवणी, म्हणजे भाताची लावणी, उरकून, दिवाळी आटोपून आमच्याच भागातली माणसे तिथे सकाळी कामाची वाट बघत उभी असतात, द्राक्षबागेची गाडी आली की तिच्यात चढतात. त्यांच्यातल्या पुष्कळांच्या पेटीत वनपट्टा आहे. चेहरा ओळखीचा निघाला, तर मी स्कूटर थांबवतो. ते मला गावाकडच्या पावसाचे विचारतात आणि मी त्यांना. दोघांनाही फोनवरून कळलेले तेवढेच ठाऊक असते.

गेल्या वर्षी वडील गेले. आईचे नाव कागदावर आहेच. आता वडिलांच्या जागी वारसांची नावे लावायची आहेत. बहिणीने आपले नाव लावायला सांगून टाकले आहे, आणि ते योग्यच आहे, कारण आवणीला ती दरवर्षी न चुकता जाते. दादाचा फोन आला, "तुझंही नाव लावू ना?" मी लगेच हो म्हणणार होतो. तेवढ्यात त्याने पुढे विचारले, "मग मे महिन्यात राब भाजायला येशील का?" त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. फांद्या तोडून, शेणाच्या गोवऱ्या रचून, वर पालापाचोळा आणि माती पसरून भाताच्या रोपांचा वाफा भाजायला दोन माणसे कमीच पडतात आणि आईला आता वाकवत नाही, एवढेच त्याला विचारायचे होते. सुट्टीचे बघून सांगतो, असे मी म्हणालो आहे. मार्च अखेरची कामे अंगावर आहेत, त्यानंतर लेखापरीक्षणवाले यायचे आहेत, आणि साहेबांकडे सुट्टीचा विषय काढण्यासारखा दिवस अजून उगवलेला नाही.