मिनोल्टा एसआर-टी १०१ चा बंद पडलेला मीटर

काकांनी सत्तरच्या दशकात मस्कतहून आणलेला मिनोल्टा एसआर-टी १०१ माझ्याकडे आला, तेव्हा त्याचे शटर एका सेकंदापासून १/१००० पर्यंत सर्व वेगांवर ठीक चालत होते आणि लेन्सलाही बुरशी नव्हती. केवळ व्ह्यूफाइंडरमधली मीटरची, म्हणजे उजेड मोजणाऱ्या यंत्रणेची, सुई एका कडेला निपचित पडून होती. १९६६ साली बाजारात आलेला हा कॅमेरा पूर्णपणे यांत्रिक असून त्यातली बॅटरी फक्त मीटरसाठी असते, त्यामुळे मीटरवाचूनही फोटो काढता येतात. पुण्यातल्या एका दुरुस्तीवाल्यांनी मला तेच सुचवले. “आतले सीडीएस गेलेत, ते आता मिळत नाहीत. अंदाजाने वापरा.” सीडीएस म्हणजे कॅडमियम सल्फाइडचे, उजेड टिपणारे घटक. अंदाजाने वापरायला माझी ना नव्हती, पण कॅमेरा न उघडता काढलेला हा निष्कर्ष मला पटला नाही.

या मीटरची रचना समजून घेतली की बरेचसे निदान स्क्रू न काढताच होते. व्ह्यूफाइंडरमध्ये दोन सुया दिसतात. एक मीटरची, उजेडानुसार हलणारी. दुसरी टोकाला कडे असलेली, ॲपर्चरची (लेन्समधल्या छिद्राची) रिंग फिरवली की सरकणारी. दोन्ही जुळल्या की एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर पडणारा उजेड, बरोबर. माझ्या कॅमेऱ्यात कड्याची सुई सुरळीत सरकत होती, म्हणजे आतल्या दोऱ्या आणि कप्प्या शाबूत होत्या. कॅमेरा हातात हलकेच हिसडला की मीटरची सुईही थरथरत असे, म्हणजे ती कुठे अडकलेली नव्हती. दोष विजेच्या मार्गातच असणार, हे एवढ्यावरून ठरले.

पुढची खूण कॅमेऱ्याच्या बुडाशी असलेल्या स्विचने दिली. त्यावर बंद आणि चालू यांखेरीज बॅटरी तपासण्याची ‘बीसी’ ही तिसरी जागा असते. तिथे विद्युतप्रवाह सीडीएसमधून न जाता एका ठरावीक रोधातून थेट सुईच्या गॅल्व्हानोमीटरकडे जातो. नवी बॅटरी घालूनही ‘बीसी’वर सुई हलेना, याचा अर्थ बिघाड सीडीएसच्या अलीकडे होता. दुरुस्तीवाल्यांचे निदान इथेच बाद झाले, आणि वरचे झाकण उघडण्याची जोखीमही टळली.

खालचा पत्रा काढताना एक पथ्य पाळावे लागते. जपानी कॅमेऱ्यांचे फुलीचे स्क्रू जेआयएस या जपानी औद्योगिक प्रमाणाचे असतात. साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यात नीट बसत नाही आणि डोकी झिजवतो. पत्रा निघाल्यावर बॅटरीच्या कप्प्याच्या टोकाशी हिरवट-पांढरी पूड दिसली. जुन्या बॅटरीतला क्षार वर्षानुवर्षे झिरपून तिथे साचला होता. तो अल्कधर्मी असल्यामुळे व्हिनेगरमध्ये किंचित ओला केलेला कापसाचा बोळा फिरवताच सुटला, आणि मागोमाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा पुसून घेतली. तरीही सुई ढिम्म. मग मल्टीमीटर लावला. बॅटरीच्या टोकाशी व्होल्टेज पूर्ण होते, स्विचच्या टोकाशी शून्य. मधली बोटभर लांबीची वायर बाहेरून अगदी धडधाकट दिसत होती, पण तिचे आवरण चिरल्यावर आतले तांबे काळे-हिरवे होऊन मोडले. क्षार आवरणाच्या आतून चढत जातो, म्हणून टोकाची पूड पुसून भागत नाही, आणि अशा काळ्या तांब्यावर सोल्डरही धरत नाही. मी पूर्ण वायर बदलली. कप्प्याचे प्लॅस्टिक जुने असल्याने सोल्डरिंग आयर्न क्षणभरच टेकवायचे, एवढी काळजी पुरेशी ठरली. स्विच ‘बीसी’वर नेला आणि सुई झपकन वर आली.

सुई हलली तरी ती खरे सांगत होती असे नाही. हा कॅमेरा पीएक्स ६२५ या १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीसाठी बेतलेला आहे. त्या बॅटरीचे व्होल्टेज अखेरपर्यंत जवळजवळ स्थिर राही, म्हणून निर्मात्यांनी वेगळी नियंत्रक जोडणी दिली नाही. पाऱ्यावरच्या निर्बंधांमुळे ती आता मिळत नाही. तिच्या मापाची अल्कलाइन बॅटरी १.५ व्होल्टची असते आणि वापरासोबत उतरत जाते. सिल्व्हर ऑक्साइडची १.५५ वर स्थिर राहते. व्होल्टेज जास्त असले की मीटर उजेडही जास्त दाखवतो, आणि त्यावर विसंबून काढलेले फोटो काळवंडतात.

पडताळणीसाठी एकसारखा उजेड पडलेली पांढरी भिंत निवडली. या कॅमेऱ्यात पेंटाप्रिझमवर (व्ह्यूफाइंडरच्या वरच्या काचेच्या लोलकावर) दोन सीडीएस एकापुढे एक जोडलेले असतात आणि मापन दृश्याच्या गडद भागाकडे झुकते. ऊन-सावलीच्या दृश्यावर डिजिटल कॅमेऱ्याशी तुलना केली, तर ती फसवी ठरते. भिंतीवर सिल्व्हर ऑक्साइडच्या बॅटरीने मीटर उजेड स्टॉपभराहून (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) जास्त दाखवत होता. फरक सगळीकडे सारखा असता, तर एएसएची, म्हणजे फिल्मच्या संवेदनशीलतेची, चकती तेवढी मागे फिरवून काम भागले असते. तो उजेडानुसार बदलत होता, म्हणून ती युक्ती निरुपयोगी.

श्रवणयंत्राच्या ६७५ क्रमांकाच्या झिंक-एअर बॅटरीचे व्होल्टेज १.४ च्या आसपास असते, म्हणून आधी ती आणायला गेलो. दुकानातल्या बाईंनी “मशीन कानामागचं आहे ना?” असे विचारले, कॅमेऱ्यासाठी हवी असल्याचे सांगताच त्यांनी आधी माझ्या कानांकडे पाहिले आणि मग निळ्या स्टिकरचे पाकीट दिले. ही बॅटरी व्यासाने लहान असल्याने कप्प्यात रबरी रिंग घालावी लागते आणि स्टिकर काढल्यावर हवा शिरायला काही क्षण द्यावे लागतात. तिच्यावर मीटर डिजिटल कॅमेऱ्याशी अर्ध्या स्टॉपच्या आत जुळला. सीडीएस ठणठणीत असल्याचा हा पुरावा होता. अडचण एकच, की स्टिकर निघाल्यावर ती वापरली नाही तरी काही महिन्यांत संपते.

म्हणून बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून शॉट्की डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा आणि थोडे व्होल्टेज खाणारा भाग) आणला आणि बदललेल्या वायरमध्येच जोडला. इतक्या क्षीण प्रवाहाला तो सुमारे ०.२ व्होल्ट खातो, त्यामुळे सिल्व्हर ऑक्साइडचे १.५५ व्होल्ट मीटरपर्यंत पोहोचताना १.३५ च्या घरात येतात. डायोडची पट्टी कोणत्या बाजूला आहे हे आधी पाहावे. उलटा जोडला तर प्रवाहच जात नाही. भर उन्हासाठीच्या नेहमीच्या ठोकताळ्याप्रमाणे, १०० एएसए, १/१२५ आणि ॲपर्चर एफ १६ ला दोन्ही सुया जुळल्या, आणि त्यानंतरच रोल भरला. रंगीत निगेटिव्हला उरलेला किरकोळ फरक सहज चालतो. एक्स्पोजरमधली चूक सहन न करणारी स्लाइड फिल्म मात्र मी या मीटरवर विसंबून वापरणार नाही.

संध्याकाळी घरात सुई अजूनही सावकाश स्थिरावते, विशेषतः उन्हातून आत आल्याबरोबर. कॅडमियम सल्फाइड आधीच्या प्रखर उजेडाची आठवण काही काळ धरून ठेवते, आणि त्यावर उपाय थोडे थांबणे हाच आहे. काम झाले की स्विच बंद करतो. चालू राहिला तर बॅटरी उतरते. पावसाळ्यात ती काढूनच ठेवतो.