जकात नाका आणि साडेसात तोळे

ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी बाजी (उर्दूत मोठ्या बहिणीला म्हणतात तसं) एक दिवस लंचला म्हणाली, "यार, इस हफ्ते जकात का हिसाब करना है", आणि माझ्या डोळ्यासमोर आला तो डायरेक्ट पुण्याचा जकात नाका. ट्रकांची रांग, पावती, चहाची टपरी. बाबांचा टेम्पो होता त्यामुळे जकात म्हणजे काय हे मला शाळेत असल्यापासून माहिती, गावात माल आणायचा तर भरायची ती. २०१३ ला पुण्यात ती बंद झाली, मग एलबीटी (स्थानिक संस्था कर), मग जीएसटी. पण मूळ शब्द म्हणजे गरिबांसाठी द्यायचं सक्तीचं दान, नमाज, रोजाच्या बरोबरीचं, इस्लामच्या पाच खांबांपैकी एक, हे मला बर्मिंगहॅमला येऊन पस्तिशीत कळलं. म्हणजे शब्द घरचाच, ओळख परदेशात झाली.

बाजी म्हणजे आमच्या अकाउंट्समधली सीनियर. आजोबा पाकव्याप्त काश्मीरमधल्या मीरपूरचे, साठच्या दशकात मंगला धरणात गाव गेलं आणि ते इकडे आले (आपल्याकडे कोयनेत गेली तशी). आम्ही दोघी हिंदी-उर्दू-इंग्रजीची मिसळ बोलतो आणि मॅनेजरला वाटतं आमची भाषा एकच आहे.

तर मग मला नादच लागला. तिच्या तोंडून एखादा शब्द आला की मी म्हणायचे थांब, हा आमच्याकडे पण आहे. नियत, बरकत, हक्क, इमान, खैरात. अवलिया तर कहर. आपण एखाद्या भन्नाट माणसाला अवलिया म्हणतो, आणि 'काय वल्ली आहे' म्हणतो त्यातलं वल्लीही तिथलंच. वली म्हणजे अल्लाच्या जवळचा माणूस, संत, आणि त्याचं अरबी अनेकवचन औलिया. एका माणसाला अनेकवचन लावून आपण मोकळे. बाजी हसून हसून रडली.

पण सगळ्यात चक्रावले ती हराम शब्दाला. आपल्याकडे ती शिवीच ना, हरामखोर, नमकहराम. आणि मक्केच्या मुख्य मशिदीचं नाव मस्जिद अल-हराम! मी म्हणलं हे कसं काय. तर मूळ अर्थ राखलेलं, मनाई असलेलं, जिथे मनाला येईल तसं वागायचं नाही असं. त्याच मुळातून मोहरम महिना, त्यातूनच राजाचा हरम. मला एकदम आजीचं सोवळं आठवलं. ती सोवळ्यात असली की शिवायचं नाही, आणि विटाळ असला तरी शिवायचं नाही, दोन्हीकडे हात लांबच. आता हे इंग्रज माणसाला समजावणं अवघड, त्यांच्याकडे हराम म्हणजे डुक्कर आणि दारू, ख्रिसमस पार्टीच्या मेन्यूवर एक टिकमार्क, विषय संपला. फतव्याचंही तसंच. मूळ अर्थ एखाद्या मुफ्तीला (धर्मशास्त्राच्या जाणकाराला) प्रश्न विचारला आणि त्याने दिलेलं मत, आणि मत दुसऱ्याचंही घेता येतं. इथल्या लोकांनी तो शब्द शिकला इराणच्या खोमेनींनी १९८९ ला सलमान रश्दींवर काढलेल्या फतव्यावरून, त्यामुळे त्यांना वाटतं फतवा म्हणजे मृत्युदंड. आपणही काही वेगळे नाही म्हणा, "साहेबांनी नवीन फतवा काढलाय" हे आपलं रोजचंच.

मला आधी वाटायचं यांची इथे खरी अडचण कपड्यांची आणि खाण्याची असणार, पेपरात तेच तर येतं. शेजारी बसून बघितलं तर अडचण दोनच गोष्टींची, घड्याळ आणि व्याज.

घड्याळाचं बघा. नमाजाच्या वेळा सूर्यावर. डिसेंबरात इथे चारच्या आधीच सूर्य मावळतो, म्हणजे दुपारी सव्वाबारा ते चारच्या मध्ये जोहर, असर आणि मगरीब या तिन्ही नमाजांच्या वेळा लागतात, नेमके मीटिंगांच्या वेळात. बाजी स्टेशनरीच्या खोलीत चटई टाकते, तोंड आग्नेयेला (आपल्याकडे पश्चिमेला करतात ना, इथून मक्का त्या अंगाला). वजू करताना (नमाजाआधी हातपाय धुताना) एक पाय बेसिनमध्ये, दुसरा बूट काढून टिश्यूवर, हातात पाण्याची बाटली, हे मी दार धरून उभी राहून बघितलंय, कारण एकदा फरशी ओली राहिली म्हणून ऑफिसभर ईमेल गेला होता. तेव्हापासून ती पुसते आणि मी पहारा देते. आणि रमजान तर फिरता, कारण चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं आणि त्यांच्यात आपल्यासारखा अधिक महिना धरत नाहीत. आपली दिवाळी थंडीची वेळ सोडत नाही, रमजान मात्र दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. २०१६ ला जूनमध्ये आला होता तेव्हा रोजा अठरा तासांच्या वर. ती म्हणते भुकेचं काही नाही, चहाशिवाय इंग्रजांशी बोलणं कठीण.

व्याजाचं जास्त खोल आहे. रिबा, म्हणजे व्याज घेणं आणि देणं, दोन्ही हराम. आणि हा देश चालतोच कर्जावर! २०१२ ला कॉलेजची फी वर्षाला ९,००० पौंडांपर्यंत गेली, स्टुडंट लोनला व्याज, म्हणून बाजीच्या धाकट्या भावाने दोन वर्षं गोदामात काम करून पैसे साठवले आणि मग शिकला. २०१७ च्या कायद्यात बिनव्याजी पर्यायाची सोय केली पण प्रत्यक्षात तो पर्याय काही वर्षानुवर्षं आला नाही. घराचं त्यातल्या त्यात जमलं. बँक आणि तुम्ही मिळून घर घ्यायचं, बँकेच्या हिश्श्याचं भाडं द्यायचं आणि हळूहळू तो हिस्सा विकत घ्यायचा. आधी यात दोनदा खरेदी धरून स्टॅम्प ड्युटी दोनदा लागायची, ती अट २००३ ला काढली.

आता मी अकाउंट्सवाली, मी विचारलंच, अगं ते भाडं पण मार्केटच्या रेटप्रमाणेच वरखाली होतं, मग फरक काय? ती म्हणाली वस्तू आहे, मालकी आहे, नुसते पैशावर पैसे नाहीत. मला अजून पूर्ण पटलेलं नाही. तिलाही पूर्ण पटलंय असं वाटत नाही, "नियत तो है ना" म्हणाली आणि कॅल्क्युलेटर माझ्याकडे सरकवला. पण इतकं खरं की अकरा वर्षं भाड्याच्या घरात काढली तिने या एका शब्दापायी. मी मॉर्गेजचा फॉर्म भरायला चाळीस मिनिटं घेतली असतील, त्यातली दहा पासवर्ड आठवण्यात.

असो, जकात. हिशोब असा की वर्षभर पडून राहिलेल्या बचतीचा चाळिसावा भाग, म्हणजे अडीच टक्के. पण बचत एका मर्यादेच्या वर हवी, साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी. तोळे ऐकून मला फार बरं वाटलं. दागिने धरायचे का यावर त्यांच्यातच दोन मतं. हनफी आणि शाफई या दोन परंपरा, हनफी धरतात, शाफई वापरातले धरत नाहीत, आणि आपल्या कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई. मामाच्या शेजारची दापोलीची चाची त्या हिशोबाने सुटली. बाजी हनफी.

तर शनिवारी तिच्या घरी गेले. ओट्यावर केकचं पीठ मोजायचा डिजिटल काटा, त्यावर तिच्या अम्मीच्या चार बांगड्या, आणि मी फोनवर ग्रॅमचे तोळे करतेय. एक बांगडी पुन्हा ठेवायला लावली, काट्याला मैदा चिकटला होता.