साडेतीन सुती बोल्ट

काम वीस मिनिटांचं होतं. सहा-सात वर्षं जुनी सेकंडहँड हॅचबॅक आणि आठ महिन्यांच्या मुलीसाठी आणलेली बेबी सीट. गाडीला आयसोफिक्सचे, म्हणजे बेबी सीट थेट अडकवायचे हूक नव्हते, त्यामुळे ती मागच्या सीट बेल्टच्या पट्ट्यानेच बांधायची होती. मुलीची आई तिला कडेवर घेऊन माझ्या कार अॅक्सेसरीजच्या दुकानाच्या पायरीवर बसली होती. रविवारी त्यांना साताऱ्याला जायचं होतं.

मागच्या पट्ट्यांची बकलं नेहमीप्रमाणे सीटखाली दडपलेली. सीट कव्हर बसवणारे ती खाली ढकलतात, कारण "टोचतात" म्हणून गिऱ्हाईकच तसं सांगतं. 2022 च्या सप्टेंबरमध्ये पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते. त्यानंतर महिनाभर लोक येऊन "मागचे पट्टे वर काढून द्या" म्हणत होते. महिन्यानंतर कोणी विचारलं नाही.

बेबी सीट बांधायच्या आधी मी सीटवर गुडघा रोवून पट्टा जोरात ओढतो. डावीकडचा ओढला आणि बकल हाताला सैल लागलं. सीट उचलून बोल्टला पाना लावला. पहिल्या वेढ्यानंतर तो बोटांनीच फिरत बाहेर आला. आट्यांवर पांढरी टेप गुंडाळलेली होती. नळाला लावतात ती, टेफ्लॉनची.

ती बघून पोटात गोळाच आला. टेप कोणी उगाच लावत नाही. बोल्ट सैल आहे हे ज्याला कळतं, तोच ती लावतो.

झालं काय असणार ते लगेच दिसलं. गाडीला फ्लोअर लॅमिनेशन, म्हणजे तळाच्या पत्र्यावर फोमचं आच्छादन, केलेलं होतं. त्यासाठी सीट आणि पट्ट्यांचे खालचे बोल्ट काढावेच लागतात. एक बोल्ट हरवला असेल आणि डब्यातला जवळपासचा लावून दिला असेल. वर बकलच्या पत्तीखाली लॅमिनेशनचा फोम तसाच ठेवलेला. फोम दबत गेला की बोल्ट आपोआप ढिला होतो. पत्तीखालचा फोम कापून तिथे उघडा पत्रा ठेवायचा असतो. दोन मिनिटांचं काम, पण तेवढंही कोणी करत नाही.

जाडी मोजायचा व्हर्नियर लावला. लावलेला बोल्ट दहा एमएम, बारीक आट्यांचा. मग त्या नटमध्ये बाराचा घालून पाहिला, तो तोंडही लावेना. दुकानातला पोरगा म्हणाला, "दादा, बाराचा टॅप मारू की." म्हणजे नटात बाराचे नवे आटे पाडायचे. मी त्याला ओरडलो. तो नट जमिनीच्या पत्र्याला आतून वेल्ड केलेला असतो. त्याचे मूळ आटे एकदा कापले की परत येत नाहीत, आणि त्यावर बाराचे आटे अर्धेमुर्धेच पडतात. दिसायला बोल्ट घट्ट बसतो, पण झटका बसला की उपटून येईल.

उजवीकडचा बोल्ट मूळचा होता, तो नमुना म्हणून काढला. व्हर्नियरवर अकराच्या आसपास. अकराचा बोल्ट बाजारात मिळत नाही! सर्व्हिस सेंटरला फोन केला, तर "सुटा बोल्ट येत नाही, पूर्ण बकल असेंब्ली मागवावी लागेल, चार दिवस." चार दिवस म्हणजे रविवार गेला.

नमुना खिशात टाकून नाना पेठ गाठली. दोन दुकानांत पोरांनी दहा आणि बाराच काढून दाखवले. तिसऱ्या दुकानात गल्ल्यावर एक काका होते. त्यांनी बोल्ट घेतला, अंगठ्याच्या नखाने आट्यांवरून एकदा खरवडलं आणि म्हणाले, "साडेतीन सुती आहे. यूएनएफ. जुन्या जीपला सगळा हाच माल असायचा."

इंचात आठ सूत. साडेतीन सूत म्हणजे 7/16 इंच, 11.11 एमएम. यूएनएफ म्हणजे इंची मापाचे बारीक आटे, इंचाला 20. अख्खी गाडी मिलिमीटरमध्ये आणि पट्ट्याचा बोल्ट इंचात. सीट बेल्टची ही अमेरिकन माप-पद्धत जगभरच्या गाड्यांत तशीच चालत आली आहे. इतकी वर्षं मी हे बोल्ट काढून परत लावले, पण मोजायची वेळ कधी आली नव्हती.

टेपवाल्याची चूक तेव्हा मला पूर्ण कळली. 20 आटे म्हणजे पिच, दोन आट्यांमधलं अंतर, 1.27 एमएम. दहाच्या बारीक बोल्टचा पिच 1.25. फरक केसाएवढा, म्हणून दहाचा बोल्ट त्यात बसल्यासारखा सहज फिरतो. पण आट्यांची पकड जेमतेम टोकाला. टेपने ती जाड केली, आणि हाताला घट्ट लागलं म्हणजे झालं, असं त्याने धरलं.

काकांनी साडेतीन सुती बोल्ट काढला, डोक्यावर सहा रेघांचा, म्हणजे ग्रेड आठ. मालाला नाव ठेवायला जागा नव्हती. पण मूळ बोल्टला डोक्याखाली गुळगुळीत खांदा असतो. त्या खांद्यावर बकलची पत्ती फिरते, ओढ येईल त्या दिशेला वळते. साधा बोल्ट पत्तीला आवळून धरतो. काकांनी दोन्ही शेजारी ठेवले आणि स्वतःच म्हणाले, "नको बाळा. लहान पोराचं काम आहे ना?" पैसे न घेता त्यांनी आपला बोल्ट परत डब्यात ठेवला.

दुकानात आलो. उजवीकडचा फोम कापला, मूळ बोल्ट टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने, कसला आणि बेबी सीट त्या बाजूला बांधली. डावीकडची असेंब्ली मागवली. ती येईपर्यंत डावीकडे कोणी बसायचं नाही, असं दोघांना बजावलं. नवऱ्याला दिवस गेल्याचा राग होता. मी टेप लावलेला बोल्ट त्याच्या हातावर ठेवला. तो बायकोकडे बघत राहिला. "दीड वर्ष आई तिथेच बसते," एवढंच म्हणाला.

लॅमिनेशन मीही करतो. फोम मी कापतो. पण घाईच्या दिवसांत, दिवाळीच्या आधी, पोरांनी बसवलेल्या गाड्या मी स्वतः तपासल्या नाहीत. बिलबुकं काढली आणि मागच्या दोन वर्षांतल्या लॅमिनेशनच्या गिऱ्हाइकांना फोन लावायला घेतले. पहिले तिघे गाडी घेऊन आले. बोल्ट तिन्ही गाड्यांचे मूळचेच होते. एकीत फोम तसाच होता, बोल्ट अर्धा वेढा ढिला. चौथे म्हणाले, "अहो, मागे पट्टा लावतंय कोण?" त्यांना उद्या परत फोन करणार आहे.