निकितीनचा हिवाळा

रेवदंड्याला एका शाळेच्या आवारात अफानासी निकितीनचं स्मारक आहे. हा त्वेरचा व्यापारी. त्वेर म्हणजे मॉस्कोच्या वायव्येला व्होल्गाकाठी वसलेलं शहर. वास्को द गामा 1498 मध्ये कालिकतला उतरला, त्याच्या सुमारे पाव शतक आधी हा माणूस एक घोडा घेऊन रेवदंड्याशेजारच्या चौल बंदरात उतरला आणि तिथून घाट चढून जुन्नरला गेला. जुन्नर आमचं मूळ गाव. मी रशियन शिकलेली, भाषांतराची लहानसहान कामं करून बऱ्यापैकी हात बसलेला. स्मारकासमोर उभं असतानाच ठरवलं, की याची टिपणं मराठीत आणायची आणि थेट त्याच्या जुन्या रशियनमधूनच आणायची.

‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ या नावाने ती टिपणं ओळखली जातात. हे तीन समुद्र म्हणजे कास्पियन, अरबी आणि काळा. मजकूर फार नाही, छापील वीस-पंचवीस पानं. चार महिन्यांत होईल असा माझा अंदाज होता, लागली दोन वर्षं. लांब वही घेतली, डाव्या पानावर मूळ वाक्य उतरवायचं आणि उजवं पान मराठीसाठी मोकळं ठेवायचं. सुरुवातीला डावी पानं भराभर भरत गेली आणि उजवी तशीच राहिली. शब्द कळत होते, माणूस हाती लागत नव्हता.

तो पहिल्यांदा हाती लागला आस्त्राखानजवळच्या लुटीत. तिथे तातारांनी गलबतं लुटली, माल गेला, त्याची पुस्तकंही गेली. पुढे सोबतीच्या लोकांचं काय झालं ते तो एका दमात सांगतो. ज्याचं रशियात काही होतं तो रशियात परतला, आणि ज्याच्या डोक्यावर देणं होतं तो डोळे नेतील तिकडे गेला. मी लिहिलं, ‘वाट फुटेल तिकडे गेला.’ हे एक वाक्य जमलं आणि पुढचं सगळं अंगावर येईनासं झालं. हौस म्हणून निघालेला प्रवासी डोळ्यांसमोरून पुसला गेला. हा उधारीचा माल गमावलेला माणूस होता, रिकाम्या हातांनी त्याला घरी जाता येत नव्हतं. म्हणून बाकू, मग इराण, मग होर्मुझ. होर्मुझहून घोडा घेऊन जहाजात बसला आणि चौलला लागला. आपल्याकडे घोडे निपजत नाहीत, बैल आणि म्हशी निपजतात, असं त्याने लिहून ठेवलंय. सगळा हिशेब त्यावरच होता. घोडा त्याला शंभर रूबलना पडला होता.

जुन्नरच्या भागात माझी पहिली मोठी चूक झाली. त्याने लिहिलंय की त्रिनिती सणापासून तिथे ‘झिमा’ सुरू झाला. झिमा म्हणजे हिवाळा. मी ‘हिवाळा’ लिहून पुढे सरकले. पुढच्याच ओळीत सगळीकडे पाणी आणि चिखल, आणि लोक नांगरतायत, भात पेरतायत. त्रिनिती येतो ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशी, म्हणजे मे-जूनमध्ये. जुन्नरला कसला आलाय हिवाळा जूनमध्ये! तो पावसाळ्याबद्दल लिहीत होता. वर्षाचे जे महिने घरात बसवतात, वाटा बंद करतात, त्यांना तो हिवाळाच म्हणत होता. मग प्रश्न पडला, सरळ ‘पावसाळा’ लिहावं का? लिहिलं तर वाक्य बरोबर होतं, पण त्वेरचा माणूस त्यातून निघून जातो. शेवटी ‘त्यांचा हिवाळा’ असंच ठेवलं, खाली टीप दिली नाही. पुढच्या ओळीतला चिखल वाचला की मराठी वाचकाला आपोआप उमगतं, त्याला मृगाचा पाऊस कोणी समजावून सांगायला नको.

त्याहून अवघड होता ‘वेरा’ हा शब्द. वेरा म्हणजे श्रद्धा, धर्म. तो लिहितो की हिंदुस्थानात एकूण 84 ‘वेरा’ आहेत आणि एका वेराचा माणूस दुसऱ्या वेराच्या माणसाबरोबर खात नाही, पीत नाही, सोयरीक करत नाही. हे वाचल्यावर कुठल्याही मराठी माणसाच्या मनात एकच शब्द येतो. मीही ‘जाती’ लिहिलं आणि आठवडाभर ते तसंच राहू दिलं. नंतर खोडलं. रोटी आणि बेटी बंद म्हणजे ही माणसं निरनिराळ्या धर्मांचीच असणार, याशिवाय दुसरं काही त्याच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. तो ज्या जगातून आला होता तिथे एवढं अंतर धर्मानेच पडत असे. माझ्या ‘जाती’ने त्याचं हे पाहणं झाकलं असतं. ‘84 धर्म’ वाचताना आपल्याला बोचतं, आणि मला वाटतं ते बोचायलाच हवं.

अंतराचं त्याचं माप ‘कोव’. आधी मला तो आपला कोस वाटला. पण एका कोवात दहा व्हेर्स्त, म्हणजे दहा किलोमीटरच्याही वर, असं तोच सांगतो. इतका लांब आपला कोस नसतो. शब्द तसाच ठेवला.

सगळ्यात जास्त दिवस मायभूमीसाठीच्या प्रार्थनेने खाल्ले. निकितीन मधूनच रशियन सोडतो आणि तुर्की, फारसी, अरबी शब्दांच्या मिसळीत लिहू लागतो. बाजारात, जहाजावर, सरायांमध्ये कानावर पडत गेलेली ती भाषा. मनातलं, कुणाला कळू नये असं काही आलं की तो तिच्यात शिरतो. मायभूमीसारखी भूमी या जगात नाही, मात्र तिथले सरदार न्यायाने वागत नाहीत, हे वाक्य त्याने रशियनमध्ये लिहिलेलं नाही. मला तुर्की येत नाही. फारसी जाणणाऱ्या एका निवृत्त प्राध्यापकांकडे सहा रविवार गेले. त्यांनी मूळ मजकूर मोठ्याने वाचला आणि मी चमकले. त्यात ‘दुनिया’ होतं, त्यात ‘आबादान’ होतं, म्हणजे नांदतं, भरभराटीचं. रशियन वाचकाला हे शब्द टीप पाहिल्याशिवाय लागत नाहीत. आपल्या जुन्या कागदपत्रांत मात्र मुलूख आबादान करण्याच्या गोष्टी पानोपानी. तिथे मला करण्यासारखं फार थोडं उरलं. ‘उरूसांचा मुलूख आबादान होवो.’ उरूस म्हणजे रशियन. बाकीचं भाषांतर आजच्या मराठीत आणि एवढाच भाग बखरीच्या वळणाचा, म्हणजे भाषा बदलल्याचं वाचकाला ऐकू येईल. ज्यांना मी खर्डा दाखवला त्यांतल्या एकांनी तो भागही सरळ मराठीत करा म्हणून सुचवलं. मी ऐकलं नाही.

पुस्तकं लुटली गेल्यामुळे ईस्टर कधी, उपास कधी, हे त्याला कळेनासं झालं होतं. अंदाजाने तो सण पाळायचा. एका ईस्टरच्या रात्री तो आकाशाकडे पाहतो आणि कृत्तिका, मृग, सप्तर्षी कुठे आहेत ते लिहून ठेवतो. सप्तर्षींना त्याच्या भाषेत ‘लोस’ म्हणतात, म्हणजे एल्क, मोठ्या शिंगांचं उत्तरेकडचं हरिण. त्याचं डोकं पूर्वेकडे होतं. मराठीत सप्तर्षींना डोकं नाही. तिथे मी ‘एल्क’ लिहिलं, कारण पंचांग नसलेला माणूस घरच्या जनावराकडे बघत होता.

परतताना तो दाभोळला जहाजात बसला आणि इराण ओलांडून काळ्या समुद्रापर्यंत पोचला, पण स्मोलेन्स्क गाठण्याआधीच वारला. त्याच्या हातच्या वह्या व्यापाऱ्यांनी मॉस्कोला नेल्या आणि 1475 च्या नोंदीखाली रशियन इतिवृत्तात त्यांची नक्कल झाली.

खर्डा पुरा झाल्यावर गेल्या श्रावणात जुन्नरला आत्याकडे गेले. ती शिवनेरीच्या पायथ्याशी राहते. निकितीनने जुन्नरचं वर्णन केलंय ते असं: दगडाच्या बेटावरचं शहर, कुणी बांधलेलं नाही, देवानेच घडवलेलं, वर जायची वाट इतकी अरुंद की दोघांना एका वेळी जाता येत नाही. बाहेर धो धो पाऊस, समोर तोच डोंगर ढगात बुडालेला. ते वाचून दाखवलं तर आत्या नुसती खिडकीकडे बघत राहिली.

मग घोड्याचा प्रसंग वाचला. जुन्नरचा असदखान त्याचा घोडा काढून घेतो आणि हा मुसलमान नाही हे कळल्यावर चार दिवसांची मुदत देतो. आमचा धर्म घे, घोडाही देतो आणि वर हजार मोहरा देतो. नाही घेतलास तर घोडाही जाईल आणि तुझ्या डोक्याचे हजार मोहरा वसूल करीन. चौथ्या दिवशी खुरासानचा खोजा मुहम्मद खानाकडे जाऊन रदबदली करतो आणि त्याला सोडवतो, घोडाही परत मिळवून देतो.

आत्याने विचारलं, “अगं, ते चार दिवस जेवला तरी असेल का तो?”

मी वही चाळली. तो प्रसंग मरीयेच्या उपासातला आहे, ऑगस्टच्या पहिल्या दोन आठवड्यांतला.

“उपासच चालू होता आत्या त्याचा.”

“म्हणजे श्रावणच की,” ती म्हणाली आणि साबुदाणा भिजवायला उठली.