श्रद्धा आणि ड्युटीचा तक्ता

नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका रुग्णालयात मी परिचारिका असताना माझी एक सहकारी धार्मिक कारणाने गर्भपाताच्या शस्त्रक्रियेला उभी राहत नसे आणि आम्ही तिची ड्युटी आपसांत बदलून घेत असू. ही सोय निव्वळ समजुतीची होती, कारण आपल्या १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात अशा नकाराचे वेगळे कलम नाही. ब्रिटनच्या १९६७ च्या कायद्यात ते आहे, पण स्त्रीचा जीव धोक्यात असेल तर ते लागू होत नाही. शिवाय ही सवलत प्रत्यक्ष सहभागापुरतीच आहे, देखरेखीच्या कामाला नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ग्लासगोच्या दोन सुईणींच्या खटल्यात ठरवले.

एका पावसाळी रात्री सुरगाण्याकडून अर्धवट गर्भपात होऊन रक्तस्राव थांबत नसलेली बाई आली, तेव्हा पाळीवर नेमकी तीच होती. तिने गळ्यातली माळ अ‍ॅप्रनच्या आत सारली, शीर शोधून सलाईन लावले आणि रक्तपेढीला फोन केला. पहाटे चहा पिताना एवढेच म्हणाली, "ताई, विचार करायला वेळ कुठं होता?"

तिचा नकार मला कधी खटकला नाही. तो तिने मेट्रनना आधीच लेखी दिला होता. खटकत ते बाह्यरुग्ण विभागातले एक डॉक्टर, जे कारण न सांगता "पुढच्या आठवड्यात या" म्हणत. वीस आठवड्यांनंतर दोन डॉक्टरांचे मत लागते आणि २०२१ च्या दुरुस्तीने दिलेली चोवीस आठवड्यांची मुभा ठरावीक स्त्रियांनाच आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते थोडेच! अशा एका मुलीसाठी दुसरीकडे पाठवण्याची चिठ्ठी मी त्यांच्या टेबलाशी उभी राहून लिहून घेतली होती.