फ्रीजर थंड होईना? गॅस भरण्याआधी कंडेन्सर बघा

एप्रिलात पुण्याचा पारा ४० अंशांकडे सरकला की डेअऱ्यांमधले डीप फ्रीजर दमतात, आणि निदान ठरलेलं: ‘गॅस कमी झालाय’. गॅस वापरून संपत नाही. कमी असेल तर गळती आहेच. पण बहुतेकदा दोष कंडेन्सरवरच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीवरच्या, धुळीचा असतो. प्लग काढा, मऊ ब्रश फिन्सच्या (जाळीच्या पातळ पत्र्यांच्या) दिशेने फिरवा, मग ब्लोअर मारा. दारात कागद अडकवून ओढा. सहज निसटला तर गॅस्केट (दाराची रबरी पट्टी) गेलंय.

गळती खरंच असेल तर नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने शोधा, जोड ब्रेझ करा (धातू वितळवून सांधा), मग पंपाने नळ्यांतली हवा काढून ५०० मायक्रॉनपर्यंत (हे दाबाचं एकक) व्हॅक्यूम घ्या. गॅस नेमप्लेटवरच्या वजनानेच भरा, अंदाजाने नाही. काही फ्रीजरमधला आर-२९० गॅस म्हणजे प्रोपेन, पेट घेणारा. तो नळ्यांत असताना ब्रेझिंगचा टॉर्च पेटवायचा नाही.